भैरवनाथाला आलेला फोन

संध्याकाळचं दूध घालायला डेअरीसमोर रांग लागली होती आणि तेवढ्यात अमेरिकेहून भैरवनाथाला फोन आला.

आमच्या मेंढदऱ्यात फोन एकच, डेअरीतला. सचिव सहादेव भाऊजी दुधाचं फॅट बघत होते. त्यांनी मान न वळवता रिसीव्हर उचलला. पलीकडे एक बाई इंग्रजीतून बोलत होती. तिला मिस्टर भैरवनाथांशी बोलायचं होतं.

सहादेव भाऊजी बारावीपर्यंत शिकलेले, इंग्रजीला घाबरणारे नव्हेत. त्यांनी सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “भैरवनाथ इन टेम्पल. नो कमिंग टू फोन!”

बाईने विचारलं, मग कधी भेटतील?

“नो मीटिंग, मॅडम. ही इज गॉड.”

मग बाई ‘थँक यू’ म्हणाली आणि फोन बंद झाला.

सहादेव भाऊजी तसेच धावत आमच्या वस्तीवर आले. मी ओट्यावर बसून लेकीला वरणभात भरवत होते. लेकीचं नाव प्रज्ञा, पण सगळे तिला चिमीच म्हणतात. भाऊजींना धाप लागली होती, पण चेहरा नुसता फुललेला.

“वहिनी, अमेरिका! आपल्या त्या डॉट कॉमवाल्या! मी बोललो. अडखळलो न्हाई कुठं.”

“काय बोललात भाऊजी?”

त्यांनी शब्दन् शब्द सांगितला. मी तोंडाला हात लावून बसून राहिले. चिमीला वाटलं, आई भोकूक करते आहे. तिनेही भाताने माखलेले दोन्ही हात तोंडावर घेतले आणि खदखदून हसली.

आता हा देव फोनच्या भानगडीत कसा आला, ते सांगते.

हिवरे बाजारचं पाणी बघायला देशोदेशीचे पाहुणे येतात. त्यातले काही पुढे आमच्याकडे वळतात, कारण आमची घोंगडी. धनगरवाड्यातल्या बायका लोकर कातायच्या, आमच्या वस्तीवरच्या बायका चिंचोके भरडून खळ शिजवायच्या, आणि विणून झालेल्या घोंगड्याला ती खळ असली ताठ बसायची की पाहुणे हात फिरवून फिरवून बघायचे. छबूमावशींनी या सगळ्या बायकांचा एक गट केला होता. त्यात माझ्या सासूबाई, म्हणजे चांगुणाआत्या, होत्या आणि लग्न होऊन आल्यावर मीही शिरले. मागच्या वर्षी एक उंच जर्मन पाहुणा म्हणाला, तुमचं इंटरनेटवर पान असतं तर मी घरी बसून घोंगडी मागवली असती. लग्नाआधी मी नगरला राधाकृष्ण सरांच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकले होते. गटाने माझ्याकडे बोट केलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं.

सर म्हणाले, आधी नाव घ्यावं लागेल. मेंढदरा डॉट कॉम. जगात असं नाव एकच असतं. एकाने घेतलं की दुसऱ्याला मिळत नाही.

तो विषय ग्रामसभेत निघाला आणि सभा पेटली. नाव घ्यायचं हे सगळ्यांना पटलं, पण कुणाच्या नावावर? सरपंच आबासाहेब म्हणाले, माझ्या. ते पडले थोरल्या आळीचे. धाकटी आळी उठून उभी राहिली. शेवटी छबूमावशी म्हणाल्या, “भांडताय कशापायी? भांड्यांचं करतो तसं करा. घाला देवाच्या नावावर!”

आमच्या गावात ही जुनी रीत आहे. लग्नाकार्याची मोठी पातेली, पराती, हंडे सगळ्यांवर ‘श्री भैरवनाथ’ असं कोरलेलं. देवाचं नाव असलं की कुणी घरी नेऊन ठेवत नाही. तालमीची जागा देवाची, विहीर देवाची, स्पीकरही देवाचाच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नगरला जाऊन फॉर्म भरला. मालकाचं नाव: भैरवनाथ. पत्ता: मुक्काम मेंढदरा. फोन: डेअरी.

आणि काय सांगू, पान निघालं आणि पत्रं यायला लागली! नॉर्वेहून, कॅनडाहून. छबूमावशींना अक्षर ओळखता येत नाही, पण मी कागदावर काढून दिलेलं नाव त्या पांढऱ्या लोकरीने प्रत्येक घोंगड्याच्या कोपऱ्यात दाभणाने भरायच्या. डॉटच्या जागी एक फुगीर गाठ मारायच्या. म्हणायच्या, “ह्यो डॉट मला लई आवडतो बाई. गोंडस हाय, चिमीच्या नाकावानी.”

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी चिमीला घेऊन सकाळच्या एसटीने नगर गाठलं. सरांनी ईमेल उघडून ठेवलेलाच होता.

“अगं यशोधरा, हे भैरवनाथ म्हणजे तुमचे कोण?”

“गावचा देव, सर.”

“देव!” सरांनी चष्मा काढला. “मला वाटलं, तुझे चुलत सासरे वगैरे असतील. नाहीतर तेव्हाच अडवलं नसतं का!”

ईमेलमध्ये होतं ते असं. पुण्याच्या एका घाऊक व्यापाऱ्याने नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली होती की हे नाव एका खोट्या माणसाच्या नावावर घेतलेलं आहे. तो व्यापारी आमच्याकडे येऊन गेला होता. सगळा माल मलाच द्या म्हणाला, गटाने नाही म्हटलं. नंतर कळलं, तो गिरणीतली ब्लँकेटं ‘मेंढदरा घोंगडी’ म्हणून विकतो. कंपनीने खात्री करायला फोन केला आणि सहादेव भाऊजींनी काय ती खात्री करून दिली. आता पंधरा दिवसांत मालक कोण ते पटवून द्या, नाहीतर नाव रद्द.

“रद्द झालं की?”

“मोकळं होतं. मग जो आधी मागेल त्याचं.”

आणि आधी मागणारा पुण्यात टपूनच बसलेला! मला घोंगड्यांचे ते सगळे कोपरे डोळ्यांपुढे दिसले. नॉर्वेतली कुणी बाई ते नाव कॉम्प्युटरवर टाकणार आणि तिच्यासमोर गिरणीचं ब्लँकेट येणार.

“सर, आपल्याला काही बोलायचा हक्क आहे की नाही?”

“आहे ना! तेच सांगतो.” सर खुर्ची ओढून बसले. शिकवायला लागले की त्यांना फार हुरूप येतो. “या नोंदीत चार ठिकाणी नावं असतात. पत्रव्यवहाराला मी, यंत्राला ती सर्व्हरवाली कंपनी, बिलाला तुमचा गट. हे तिघं नुसते हरकामे. चौथा तो मालक. त्याला विचारल्याशिवाय मी एक अक्षर बदलू शकत नाही. तो मला उद्या काढून टाकू शकतो. तक्रार आली तर त्याचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागतं. आणि मनात आलं तर तो आपलं नाव दुसऱ्या कुणालाही देऊ शकतो.”

“आणि नियम?”

“नियम मोठा एकच. खरं सांगायचं. माणूस खरा, पत्ता खरा, फोन खरा.”

“देव खरा की खोटा, हे अमेरिकेला कोण सांगणार, सर?”

“ते माझ्या सिलॅबसमध्ये नाही,” सर म्हणाले आणि मला कोर्टामागच्या एका वकिलांकडे घेऊन गेले. ते नोटरीही होते.

वकीलसाहेबांनी सगळं ऐकलं आणि टेबलावर थाप मारली. “वा! अहो बाई, तुम्ही काहीही चुकीचं केलेलं नाही. आपल्या कायद्यात देवाच्या नावावर मालमत्ता असू शकते. तुमच्या भैरवनाथाच्या नावावर जमीन आहे?”

“आहे. विहिरीची.”

“लाईटचं मीटर?”

“तेही आहे.”

“मग तो आहे! कायद्याला एवढं पुरे. अडचण वेगळीच आहे. देव कायद्याच्या लेखी कायमचा अज्ञान. म्हणजे लहान लेकरू. ते कधी अठरा वर्षांचं होतच नाही.” तोवर चिमीने त्यांचा शाईचा पॅड ओढून घेतला होता आणि तळहात निळा करून घेतला होता. त्यांनी तो हळूच सोडवला. “या तुमच्या बाईसाहेबांसारखं समजा. हिच्या नावावर उद्या रान झालं, तर सही कोण करेल?”

“मी.”

“तसं देवाचं कुणीतरी असावं लागतं. गावाने ठरवा. ठराव करून माणूस माझ्यासमोर आणा, मी शिक्का मारतो.”

परत येताना चिमी माझ्या मांडीवर झोपली. निळी मूठ घट्ट मिटलेली. आमच्या घरात बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, भैरवनाथाच्या देवळाची पायरी मी कधी चढलेली नाही. तरी त्या दिवशी, खरं सांगते, मला त्या देवाची जरा मायाच आली. गावाने एवढं सगळं त्याच्या नावावर करून ठेवलेलं आणि त्या बिचाऱ्याला सही येत नाही.

रविवारी शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. एवढी गर्दी तर निवडणुकीलाही नव्हती. नवऱ्याला, महेंद्रला, सुप्याच्या कंपनीतून सुट्टी होती, तोही मागे भिंतीला टेकून उभा होता. मी पुढे गटाच्या बायकांत बसले, चिमी मांडीवर. वकीलसाहेब काय म्हणाले ते मी सगळं सांगितलं. देव म्हणजे लेकरू, हे ऐकल्यावर म्हाताऱ्या बायका ‘अगं बाई’ म्हणून एकमेकींकडे बघून हसल्या.

आबासाहेब उठले. “सोपं हाय. मी सरपंच, म्हंजी गावाचा पालक. देवाचाबी मीच. सही माझी.”

धाकट्या आळीतून आवाज आला, “मग आज सही तुमची, उद्या नावबी तुमचं आनि परवा घोंगडीबी तुमचीच!”

“मग काय तुझ्या आज्याची?”

“आज्याचं नाव काढायचं काम न्हाई, आबा!”

झालं, पुन्हा तेच. कुणी कुणाचं ऐकेना. तेव्हा छबूमावशींनी हातातली लोकर कातायची चाती जमिनीवर आपटली. “गप ऱ्हावा रं! ह्या आळीला द्यावं तर ती आळी रडती. मी म्हनते, यशीला द्या. तिला ना थोरली आळी, ना धाकटी. कागद तीच भरती, इंग्लिस तीच बोलती. कडंवर एक लेकरू हायच, आनखी एक जड न्हाई व्हायचं!”

सगळं पटांगण हसलं. टाळ्यासुद्धा पडल्या. मीही हसले, पण आत्यांचा चेहरा तापला.

“छबे, डोकं फिरलं का तुजं? आमी देव सोडून किती काळ झाला! माजी सून भैरुबाची आई व्हनार व्हय?”

“अगं कागदावर गं!”

“कागदावर म्हंजी काय खोटं असतं?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी चिमीला आत्यांकडे दिलं आणि उभी राहिले.

“आत्या बरोबर बोलतात,” मी म्हणाले. “मी त्याला देव मानत नाही. पालक म्हणून सही केली तर ते खोटं होईल. आणि खोटं सांगायचं नाही, हाच तर तिकडचा पहिला नियम आहे.”

“म्हंजी नाव जाऊ द्यायचं?” आबासाहेब म्हणाले. “त्या पुन्याच्या भामट्याला?”

“नाही! अजिबात नाही!” माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “पण आबा, मागच्या वर्षी आपण म्हटलं, देवाच्या नावावर म्हणजे सगळ्यांचं. भांड्यांसारखं. तुमची ती देवाची भांडी आमच्या वस्तीवरच्या एकाही लग्नात आलेली नाहीत. माझ्या लग्नाला महेंद्रच्या वडलांनी नगरहून भाड्याने आणली होती. मग हे नाव तरी आमचं आहे की नाही, ते मला कसं कळावं?”

कुणी खाली बघितलं, कुणी उगाच टोपी नीट केली. मला वाटलं, संपलं, आता काही खरं नाही. पण सुरुवात केलीच होती.

“सर म्हणाले, मालकाला आपलं नाव दुसऱ्याला देता येतं. तो त्याचा हक्कच आहे. मग देवाला देऊ द्या ना! गटाला देऊ द्या. जी सूत कातते तिला, जी खळ लावते तिला, सगळ्या बायकांना. मग ज्याला विचारायचं त्याने विचारावं, मालक कोण. आम्ही फोनवर येऊ.”

मागून महेंद्रने एकट्यानेच टाळी वाजवली. मग लाजून हात खाली घेतला.

आबासाहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. “आनि देनारा कोन? देवाच्या वतीनं सही लागंलच की.”

तेव्हा रंगनाथ गुरव उठला. भैरवनाथाचा पुजारी, पण सभेत त्याला बोलताना मी कधी बघितलं नव्हतं.

“मी करतो,” तो म्हणाला. “सकाळी मी उठीवतो त्याला. आंघूळ घालतो, खाऊ घालतो, सांजंला निजवतो. थंडीत घोंगडं पांघरतो, ते ह्याच बायांनी केल्यालं. वकील म्हनत्यात देव लेकरू हाय. मग इतकी वर्सं मी काय करतूय? आईच की मी त्याची.”

कुणी हसलं नाही.

“पर देव देईल का?” आबासाहेब म्हणाले.

“त्यानं आजवर कुनाला न्हाई म्हनलंय, आबा? न्हाई तुमीच म्हनता आनि नाव त्याचं सांगता.”

आता मात्र असा हशा उठला की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. धाकट्या आळीने हात वर केले. मग थोरल्या आळीतून एकेक. आबासाहेब सगळ्यांत शेवटी, पण केला त्यांनीही हात वर. “बरं बरं. लिवा ठराव.” मग आत्यांकडे वळून जरा खालच्या आवाजात म्हणाले, “चांगुणाबाई, भांड्यांचं बी बघू आपन.”

“भांड्यांचं ऱ्हाऊ द्या,” आत्या चिमीला थोपटत म्हणाल्या. “आमची आमी घेतलीत आता. नावाचं तेवढं बघा.”

दोन दिवसांनी मी, रंगनाथकाका, छबूमावशी आणि चिमी अशी वरात नगरला निघाली. काकांनी पांढरंशुभ्र धोतर नेसलं होतं. वकीलसाहेबांनी कागद पुढे सरकवला तेव्हा त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि मग एकेक अक्षर दाबून सही केली: भैरवनाथ यांचे करिता, रंगनाथ गुरव. खाली गटाच्या वतीने घेणार म्हणून छबूमावशींचा अंगठा आणि माझी सही. सोबत सातबारा आणि लाईटबिल, त्याचं इंग्रजी मी केलं, सरांनी तपासलं. क्लासमधलं फॅक्सचं मशीन कागद गिळायला लागलं तशा छबूमावशी घाबरल्या. “अगं, आत गेला की! परत कसा निघायचा?”

“तिकडे निघतो मावशी, अमेरिकेत.”

“असाच? अंगठ्यासकट?”

“अंगठ्यासकट.”

त्यांनी आपला अंगठा उलटसुलट करून बघितला.

मग वाट बघणं आलं. मावशींनी कोपऱ्यात नाव भरायचं थांबवलं होतं. म्हणाल्या, दुसऱ्याचं नाव फुकट कशाला काढू. तयार घोंगड्यांची चळत कोरे कोपरे घेऊन आमच्या पडवीत पडून होती, आणि चिमी तिच्यावर चढायला शिकली. मी रोज दूध घालायच्या वेळी काहीतरी निमित्त काढून डेअरीवरून चक्कर मारायची. सहादेव भाऊजी लांबूनच मान हलवायचे. फोन आला तर काय बोलायचं नाही, हे मी त्यांना पाठ करून दिलं होतं.

त्या दिवशी मात्र मी गेले नव्हते. चिमीचे दात येत होते, ती किरकिरत होती. तिला खांद्यावर टाकून मी अंगणात फेऱ्या मारत होते. दिवेलागण होऊन गेली होती, देवळातली घंटा नुकतीच थांबली होती. आणि एकदम देवळाचा भोंगा खरखरला, आवाज सहादेव भाऊजींचा.

“हॅलो, हॅलो! यशोधराबाई! मागासवर्गीय... न्हाई न्हाई, चुकलं... घोंगडी गटाच्या यशोधराबाई! अमेरिकेचा फोन हाय. लाईन चालू ठिवलीय. असाल तशा या!”

त्या भोंग्यावरून मी आजवर आरत्या ऐकल्या होत्या, हरवलेल्या शेळ्या ऐकल्या होत्या. माझं नाव त्यातून कधी आलं नव्हतं. आमच्या वस्तीतल्या कुणाचंच आलं नव्हतं. आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या. “बघतीस काय? पळ!”

मी पळाले. चिमी खांद्यावर, पायात चप्पल नाही. वाटेत जो तो दारात आलेला. “वहिनी, दमानं!” “अगं, ठेचकाळशील!” डेअरीत शिरले तर सहादेव भाऊजी रिसीव्हर दोन्ही हातांत धरून उभे होते, जसा काही तो भरलेला दुधाचा मग.

“हॅलो,” मी म्हणाले. “यशोधरा स्पीकिंग.”

तीच बाई, भाऊजींनी खुणेनेच सांगितलं. तिने गटाचं नाव विचारलं, पत्ता विचारला, मी सांगितला. सगळं खरं. मग ती म्हणाली, कागद मिळाले, आमच्या वकिलांनी बघितले, तक्रार बंद केली आहे. आजपासून मेंढदरा डॉट कॉम तुमच्या गटाच्या नावावर. मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. तिने पुन्हा म्हटलं.

मग ती जरा घुटमळली आणि म्हणाली, कामाचं नाही, पण एक विचारू का? तुमच्याकडे देवाला खरंच लहान मूल समजतात?

मी खिडकीतून बाहेर बघितलं. रंगनाथकाका देवळाचं दार ओढून घेऊन पायऱ्या उतरत होते. चिमीही तेवढ्यात माझ्या मानेत तोंड खुपसून शांत झाली होती.

“येस मॅडम,” मी हळू आवाजात म्हणाले. “ही इज स्लीपिंग नाऊ.”

फोन ठेवला आणि वळले तर दारात सगळा गाव. छबूमावशी सगळ्यांत पुढे, धाप लागलेल्या.

“काय म्हनली ती?”

मी नुसती मान हलवली, हो, हो, हो. मावशींनी कनवटीला हात घातला आणि पांढऱ्या लोकरीचा गुंडा काढला. एवढे दिवस जवळच बाळगला होता त्यांनी.

“मग हितं काय उभी ऱ्हायलीस? कोपरे मोकळे पडल्यात सगळे. चल, आधी डॉट मारू.”